तीन तारांचा असमतोल आणि जंगलातील वीज

महाराष्ट्राच्या वीज-नकाशावर चंद्रपूर जिल्ह्याचे स्थान अग्रभागी आहे. दुर्गापूर येथील महाऔष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज या केंद्राची क्षमता तीन हजार मेगावॉटच्या आसपास आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर जाणारी, ५०० किलोव्होल्ट दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून मुंबईच्या बाजूस वीज नेत आहे. या जिल्ह्यात, आणि १९८२ मध्ये त्यातूनच वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत, तार आता बहुतेक गावांत पोहोचली आहे. पण त्या तारेत बिघाड झाला तर तो किती लवकर कळतो आणि वीज किती लवकर बंद होते, या प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच होते. वस्तुतः माणसांचे व वन्य प्राण्यांचे जीव त्यावर अवलंबून आहेत.

गावाकडे येणाऱ्या ११ किलोव्होल्टच्या वाहिनीस तीन तारा असतात. व्यवहारात प्रत्येकीस ‘फेज’ म्हणतात. तिन्ही तारांतील प्रवाह सारखे असतील तर त्यांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य येते. तिन्ही तारा एकदम एकमेकींस भिडल्या तर तो समतोल दोष होय; परंतु तसे फार थोड्या वेळा घडते. सागाची फांदी पडून एक तार तुटते, वादळात दोन तारा एकमेकींस लागतात, चिनी मातीचा इन्सुलेटर फुटून तार खांबास टेकते. बहुसंख्य बिघाड असे एका किंवा दोन तारांचे असतात. अभियंते त्यांस असमतोल दोष म्हणतात, आणि त्यांतही एका तारेचा जमिनीशी संबंध येणे हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो.

अशा दोषांचे गणित सोपे नव्हते. १९१८ मध्ये चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने असे दाखवून दिले की, कोणत्याही तीन असमान प्रवाहांची विभागणी तीन सुबक गटांत करता येते. पहिल्या गटाचा फेरा नेहमीच्या क्रमाने जातो, दुसऱ्याचा उलट क्रमाने. तिसऱ्या गटात तिन्ही प्रवाह एकाच वेळी चढतात व एकाच वेळी उतरतात. दुसरा गट यंत्रे तापवितो. एक फेज गेल्यावर शेतातील पंपाची मोटार गुरगुरते व जळते, ती त्याच्याचमुळे. तिसऱ्या गटास तीन तारांच्या वाहिनीत परतीची वाट जमिनीतूनच मिळते. सबब तो वाहू लागला की कोठेतरी तार जमिनीस लागली असे समजावे. उपकेंद्रातील भूदोष-रिले हीच खूण पाहून वाहिनी बंद करतो.

जमीन प्रवाहास अडविते तेव्हा

शास्त्र इतके पुढे गेलेले असता तुटलेली तार जिवंत का राहते? एक साधा हिशेब करून पाहू. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीत एका तारेचा जमिनीशी असलेला दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. तार ओलसर मातीवर पडली आणि वाटेतील एकूण रोध ३० ओहम भरला, तर दोनशे अँपिअरहून अधिक प्रवाह वाहील व वाहिनी तत्काळ बंद पडेल. तीच तार उन्हाळ्यात कोरड्या मुरमावर किंवा पालापाचोळ्यावर पडली व रोध ५०० ओहम झाला, तर प्रवाह जेमतेम तेरा अँपिअर होईल. उदाहरणादाखल, रिले चाळीस अँपिअरला लावलेला असेल तर त्याला हा दोष दिसणारच नाही. गावातील २३० व्होल्टच्या तारेची स्थिती याहून कठीण आहे. पन्नास ओहमचा रोध आला तर पाच अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. तेवढ्याने डीपीतील फ्यूज जात नाही. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळलेली असेल, तर बोलायलाच नको.

एटापल्ली, भामरागड, धानोरा या तालुक्यांत वाहिन्या लांब, वाटेत दाट जंगल आणि ग्राहक विरळ. सर्वाधिक दोष जेथे संभवतात, तेथेच ते ओळखणे सर्वांत अवघड जाते.

याच उणिवेचा उपयोग आता जाणूनबुजून होऊ लागला आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानाच्या पट्ट्यात रानडुकरे एका रात्रीत बांधी उद्ध्वस्त करतात. मग वाहिनीवर आकडा टाकून उघडी तार खुंट्यांवरून शेताभोवती फिरविली जाते. शिकारीसाठीही तोच मार्ग वापरतात. विद्युत्शास्त्राच्या दृष्टीने हा मुद्दाम मांडलेला एका तारेचा भूदोष होय. प्राणी तारेस लागेपर्यंत प्रवाह वाहत नाही, त्यामुळे रिलेस काही कळत नाही. रेडिओ कॉलर लावलेला श्रीनिवास हा वाघ एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात अशाच तारेने मेला. ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडून बोर येथे सोडलेली वाघीण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात अशीच दगावली. अशा तारांनी माणसेही मेली आहेत. कधी शेजारचा शेतकरी, कधी तार लावणारा स्वतः. गुन्ह्याचे समर्थन कोणी करू नये. तथापि ज्याचे वर्षाचे धान एका रात्रीत जाते, त्याला केवळ कायद्याचा धाक दाखवून हा प्रश्न सुटणार नाही.

हिशेबाबाहेर राहिलेला खर्च

उपाय तंत्रज्ञांना ठाऊक आहेत. अधिक संवेदनशील रिले बसविता येतो. परंतु मग ओल्या फांदीचा स्पर्श होताच वीज जाईल आणि पावसाळ्यात पंचवीस-तीस गावे रात्र रात्र अंधारात राहतील, हा आक्षेप खराच आहे. त्यावर तोड म्हणजे लांब वाहिनीचे तुकडे पाडून प्रत्येकास स्वतंत्र स्विच देणे, म्हणजे दोषाचा तुकडाच तेवढा बंद पडेल. जंगलातून जाणाऱ्या टप्प्यांत आवरण असलेली तार वापरणे आणि डीपीचे भूयोजन दरवर्षी तपासणे, ही कामेही असाध्य नाहीत.

मग ती अडतात कोठे? अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. वीज कंपनी खर्चाची सांगड विकलेल्या युनिटांशी घालते. दहा किलोमीटर वाहिनीमागे शंभर झोपड्या असतील, तर सुरक्षेवरील खर्च ‘परवडत नाही’ असे ठरते. परंतु मेलेला माणूस, मेलेला वाघ, जळालेली मोटार यांची किंमत कंपनीच्या ताळेबंदात येतच नाही. ती दुसऱ्यानेच भरलेली असते.

शासनाचा हिशेबही याहून फारसा वेगळा नाही. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हापासून विदर्भाचा अनुशेष मोजण्याची आपल्याला सवय लागली. विजेच्या बाबतीत किती गावे व किती पंप जोडले, एवढेच आपण मोजत आलो. जोडलेली तार तुटल्यावर बंद पडते की नाही, हे त्या मोजणीत कधी आलेच नाही. किंबहुना गावांची जोडणी पूर्ण झाली की अनुशेष संपला असे मानले जाते, आणि सुरक्षेसाठी निधी मागण्याचा आधारच नाहीसा होतो.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली, जंगलातील वाहिन्यांच्या सुरक्षेसाठीचा निधी ग्राहकसंख्येवर न ठरविता जंगलातून जाणाऱ्या किलोमीटरवर ठरवावा. कोळसा आणि लोहखनिज यांच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे पैसा जमा होतो; त्याचा काही भाग या कामी लावणे न्याय्य ठरेल. दुसरी, रात्री वाहिनी क्षणभर बंद पडल्याची प्रत्येक नोंद उपकेंद्राने त्याच रात्री वनखात्यास कळवावी. संयुक्त गस्तीची कल्पना नवी नाही, पण नोंदीवाचून गस्तीने जावे कोठे? तिसरी, सौर कुंपण क्षणार्धाचा झटका देऊन प्राण्यास पळविते, मारीत नाही. त्यासाठी शासनाची अनुदान योजना आहे. ती धानपट्ट्यातील लहान शेतकऱ्यापर्यंत पेरणीपूर्वी पोहोचली पाहिजे आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई त्याच हंगामात मिळाली पाहिजे.

चंद्रपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीत दोष आला तर तो सेकंदाच्या अंशात ओळखून आवरला जातो, कारण तेथे तसे करणे आपण आवश्यक मानले. नागभीडच्या बांधीवरून जाणाऱ्या तारेसही तोच नियम लावता येतो. राख आणि धूर सोसणाऱ्या या भूभागाने निदान सुरक्षित तारेची मागणी केली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.