पोर्टचा क्रमांक बदलून भागत नाही

लहान कार्यालयातील किंवा घरातील संगणक बाहेरून चालवता यावा म्हणून राउटरमध्ये एक पोर्ट उघडून द्यायचा आणि सुरक्षिततेची चौकशी कोणी केलीच, तर त्या पोर्टचा क्रमांक बदलून ‘आता काळजी नको’ असे सांगायचे, हा प्रकार इतका रुळला आहे की त्यात काही चुकत असल्याची शंकाही कोणाला येत नाही. विवरणपत्रांच्या हंगामात तर टॅलीचा संगणक कार्यालयात, हिशेब लिहिणारा घरी आणि मुदत डोक्यावर, अशी स्थिती असल्याने जोडणी झटपट करून देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची सवड कोणालाच नसते.

घरातील सर्व यंत्रांचा बाहेरच्या जगासाठी सहसा एकच आयपी पत्ता असतो, आतील पत्ते खासगी असतात, आणि बाहेरून न मागता आलेली विनंती कोणासाठी आहे हे ठाऊक नसल्यामुळे राउटर ती टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे अमुक क्रमांकावर येणारी विनंती आतील अमुक संगणकाकडे पाठवावी, असा राउटरला दिलेला कायमचा आदेश. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसाठी हा क्रमांक मुळात ३३८९ असतो. विनंती पाठवणारा कोण, याची विचारपूस या आदेशात नसते.

क्रमांक बदलला की शोधणारा चुकेल, ही समजूत तर फारच जुनी झाली. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी आहेत, आणि मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन तयार करून दाखवून दिले की गिगाबिट जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून एका पोर्टसाठी हे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासता येतात; बदललेला क्रमांकही याच रीतीने तपासला जाऊ शकतो. ज्यांना हे अतिशयोक्त वाटते, त्यांनी असा उघडा ठेवलेला संगणक असल्यास त्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी विभागातील ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदी पाहाव्यात; ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी रात्रंदिवस पासवर्ड आजमावले जात असल्याचे तेथे ओळीने दिसते. मे २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या रिमोट डेस्कटॉपमधील ब्लूकीप या त्रुटीत तर पासवर्डचीही गरज नव्हती, आणि तिचे गांभीर्य असे की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीदेखील दुरुस्ती दिली.

त्याहून मोठी हेळसांड राउटरच्या स्वतःच्या पासवर्डबाबत होते. जोडणी देणारा तंत्रज्ञ जो पासवर्ड ठेवून जातो, तो राउटर मोडीत निघेपर्यंत तसाच राहतो, आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोय चालू आहे की बंद, हे घरातील कोणीही पाहिलेले नसते. २०१६ मधील मिराई या घातक प्रणालीने कारखान्यात ठरवून दिलेल्या नाव-पासवर्डांच्या केवळ साठेक जोड्या आजमावून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. ते साधले ते कारखान्यातील पासवर्ड तसेच राहिले होते म्हणून. ग्राहकाच्या हाती राउटर देताना पासवर्ड त्याच्याकडूनच बदलून घेणे हे सेवा देणाऱ्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे.

सुरक्षित मार्ग अवघड नाही. राउटरवर वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे दोन ठिकाणांमधील कूटबद्ध खासगी मार्ग, बसवावा आणि रिमोट डेस्कटॉप केवळ त्याच्या आतून वापरावा. वायरगार्ड पासवर्डाऐवजी किल्ल्यांच्या जोडीवर चालतो आणि ओळखीची किल्ली नसलेल्या विनंतीला उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तेथे काही आहे हेही कळत नाही. मात्र राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातील असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटून दिलेला असतो आणि बाहेरून थेट पोहोचता येत नाही; अशा वेळी सेवादात्याकडून स्वतंत्र पत्ता घ्यावा किंवा आतूनच जोडणी सुरू करणारी टेलस्केलसारखी सेवा वापरावी.

ज्यांच्या राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपसाठी पोर्ट फॉरवर्डिंगची ओळ आजही आहे, मग तिचा क्रमांक कोणताही असो, त्यांनी ती आजच काढून टाकावी, टॅलीच्या डेटाची एक प्रत संगणकापासून सुटी ठेवावी, आणि व्हीपीएन बसेपर्यंत कार्यालयात जाऊनच काम करावे.