भूमिपरीक्षा पाठांतरापुरतीच का?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 36 वा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. औषधी घेण्यापूर्वी भूमी पाहावी, असा आचार्यांचा आदेश आहे. खड्डे, वाळू, वारूळ, स्मशान यांनी बिघडलेली भूमी वर्ज्य. स्निग्ध, मृदू, पाण्याजवळची ग्राह्य. (वारूळ वर्ज्य का, यावर आमच्यात अजून वाद होतात, तो पुन्हा केव्हातरी.) सानपाड्यासारख्या खाडीकाठच्या नगरात चिकित्सा करणाऱ्या आम्हा वैद्यांना मात्र भूमी दिसतच नाही. शतावरी पिशवीतून येते. तिच्यातील जड धातूंचा अहवाल आम्ही मागतो. ती कोणत्या मातीत वाढली, हे विचारीत नाही.

विचारावे असे तेथे बरेच घडत आहे. बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी सूक्ष्म बुरशीचे तंतू जोडलेले असतात. मुळे पोहोचत नाहीत तेथून ते स्फुरद व पाणी आणून देतात आणि मोबदल्यात शर्करा घेतात. वारंवार नांगरटीने हे तंतू तुटतात. स्फुरदयुक्त खतांचा मारा झाला की वनस्पतीच हा सहवास कमी करते. कोकणात भातरोपांसाठी राब भाजतात, त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात. तणाच्या बियांसह मातीच्या वरच्या थरातील जीवही होरपळतात. डोंगरावरचा पाचोळा वणवा नेतो. वनीकरणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली पाचोळा साचतो खरा, पण तो एकाच जातीचा आणि सावकाश कुजणारा. मिश्र रानाच्या मातीची सर त्याला नाही.

आपल्यापासून फार दूर नसलेल्या नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या 'सगुणा राईस तंत्रा'त नांगरणी, चिखलणी व लावणी वगळली आहे. गादीवाफे कायम राहतात, कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजतात, गांडुळे परततात. या पद्धतीत तणनाशक वापरले जाते, हे आम्हांस खटकते. तरीही तेवढ्यावरून तिला नाक मुरडणे आम्हांस मान्य नाही. औषधी पिकात नांगर नको आणि तणनाशकही नको, असे म्हणणे सोपे आहे. खुरपणीची मजुरी मग कोणी द्यावयाची?

आमच्या मते ती आपणच द्यावी. संघटनेने एकत्रित खरेदीच्या पत्रकात नांगरट, खत, तणनाशक आणि जाळणे यांविषयी चार प्रश्न घालावेत व समाधानकारक उत्तर देणाऱ्या शेतकऱ्यास वाढीव दर द्यावा. चूर्णाची किंमत थोडी वाढेल. रुग्णास त्याचे कारण सांगण्याची तयारी ठेवूनच हे पत्रक काढावे.