बडदास्त नसलेले डोंगर : तीन स्की-केंद्रे, तीन इतिहास

१/ स्कीईंगच्या जगात काही केंद्रांचा लौकिकच उणिवांवर उभा आहे. आलिशान हॉटेले नाहीत, दुकानांची रांग नाही. आहे ते खोल, भुसभुशीत हिम आणि छातीत धडकी भरवणारा उतार. अमेरिकेतील आल्टा व मॅड रिव्हर ग्लेन आणि फ्रान्समधील ला ग्राव्ह ही नावे अशा यादीत नेहमी शेजारी-शेजारी येतात. हा शेजार फसवा आहे. धोका कोणी पत्करायचा, या प्रश्नाला तिन्ही ठिकाणी इतिहासाने निरनिराळे उत्तर दिले आहे.

२/ युटातील आल्टा हे मूळचे चांदीच्या खाणींचे गाव. खाणींना टेकू देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात लिटल कॉटनवुड दरीतील झाडे तोडली गेली आणि उघड्या उतारांवरून हिम कोसळू लागले. १८८५ मधील एकाच हिमस्खलनात १६ जण गेले. पुढे चांदीचा भाव पडला, गाव ओस पडले.

३/ १९३० च्या दशकात फॉरेस्ट सर्व्हिसने नॉर्वेत जन्मलेला स्कीपटू आल्फ एंगेन याला पाहणीसाठी धाडले. बोडक्या उतारांवर पुन्हा झाडे लावण्याच्या कामातही त्याचा हात होता. जानेवारी १९३९ मध्ये पहिली लिफ्ट सुरू झाली. तिच्या उभारणीत खाणीच्या जुन्या मालवाहू रोपवेचे सामान वापरले होते! आल्टाच्या काटकसरीचे मूळ इथे आहे. ते तत्त्वज्ञान नंतर चिकटले.

४/ मात्र हंगामाला सरासरी १२ मीटरांहून अधिक हिम पडणाऱ्या या दरीत केवळ काटकसरीने भागले नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर माँटी अॅटवॉटर हा फॉरेस्ट सर्व्हिसचा अधिकारी येथे आला. त्याने हिमाच्या थरांचा अभ्यास मांडला आणि लष्करी तोफेचे गोळे डागून, माणसे उतारावर नसताना हिमस्खलने पाडण्याची पद्धत रुजवली. आजही धोका वाढला की आल्टात इमारतीबाहेर पाऊल टाकण्यास कायद्याने बंदी होते. ज्याला ‘रानटी’ डोंगर म्हणून मिरवले जाते, त्याच्यामागे एवढी सरकारी शिस्त उभी आहे. तिघांत सर्वांत कमी साधे कोणते, तर आल्टाच.

५/ व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेनची गोष्ट मालकीची आहे. १९४८ मध्ये एकेका माणसाला वर नेणारी खुर्ची-लिफ्ट तेथे आली. १९९५ मध्ये स्कीपटूंनीच सहकारी संस्था काढून डोंगर विकत घेतला. (साखर कारखान्यांच्या मुलखातील वाचकांना यात नवल वाटू नये.) पुढे लिफ्ट जीर्ण झाली, तेव्हा सभासदांनी दोन माणसांची खुर्ची नाकारून २००७ मध्ये जुनीच दुरुस्त करून घेतली. हिशेब सरळ होता : वर माणसे कमी गेली, तर उतारावरचे हिम जास्त टिकते.

६/ ला ग्राव्हमध्ये मात्र साधेपणाला धार आहे. १८७७ पर्यंत कोणाला सर न झालेल्या ला मेज शिखराच्या पायथ्याचे हे छोटे गाव. १९७० च्या दशकात उभारलेला रोपवे सुमारे १,४५० मीटरांवरून ३,२०० मीटरांपर्यंत नेतो. त्याखाली यंत्राने दाबून सपाट केलेली वाट नाही, आणि इतरत्र होते तशी हिमस्खलने आधीच पाडून उतार निर्धोक करण्याची रीत नाही. हिमनदीतील भेगा आणि कडे ओळखण्याचे काम ज्याचे त्याने, किंवा त्याच्या वाटाड्याने करायचे.

७/ डग कूम्ब्स हा जगज्जेता स्कीपटू येथेच वाटाड्या होता. ३ एप्रिल २००६ रोजी एका चिंचोळ्या घळीत सोबती कोसळला. त्याला शोधण्यासाठी कड्याशी गेलेला कूम्ब्सही घसरला. दोघेही गेले. त्या घळीची कूम्ब्सइतकी ओळख फार थोड्यांना असेल.

८/ म्हणून ‘थाट नाही, हिम भरपूर’ एवढ्या निकषावर या तिघांना एका रांगेत बसवणे केवळ आळशीपणाचे नाही, घातक आहे. आल्टात लाभलेला आत्मविश्वास घेऊन एखादा तरुण ला ग्राव्हच्या रोपवेत चढतो, तेव्हा अॅटवॉटरची तोफ त्याच्यासोबत येत नाही.

९/ ला ग्राव्हचा साधेपणाही आता वादात आहे. रोपवेचा तिसरा टप्पा हिमनदीवर आणखी वर नेण्याची योजना निघाली, आणि २०२३ च्या शरद ऋतूत विरोधकांनी थेट हिमनदीवरच तंबू ठोकले. गावातही दोन तट आहेत : एकाला रोपवेविना हिवाळ्यातली चूल कशी पेटेल याची चिंता आहे, दुसऱ्याला वितळत्या बर्फात नवे खांब रोवणे मान्य नाही.