आधी पाण्याला वाट, मग गवत

मा. नगराध्यक्ष आणि मा. मुख्याधिकारी यांस,

मैदानावर तिसऱ्यांदा लॉन बसवण्याचा प्रस्ताव सभेपुढे येतो आहे, म्हणून हे पत्र.

पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुलं 1600 मीटर पळतात ती डांबरी रस्त्यावर. मैदानात पावसाळाभर चिखल आणि उन्हाळ्यात पांढरी मीठफुटी. विकतच्या लॉनचे तुकडे दोनदा अंथरले, दोनदा जळाले. त्यात माळ्याचा काही दोष नव्हता. मे महिन्यात आम्ही खड्डा काढला, तर अडीच फुटांवर पाणी लागलं. कृष्णाकाठची चिकण काळी माती आणि वरच्या अंगाला उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी! ते पाणी मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. वर मुरूम टाकला, तर मीठ मुरमातूनही फुटलं.

खारं सोसणारं गवत आणा, असं सुचवलं जातं. तसं गवत आहे. हरळी बरंच मीठ सोसते, समुद्रकाठचं पॅस्पॅलम तिच्याहूनही जास्त. पण मुळं पाण्यात बुडाली की त्यांना हवा मिळत नाही आणि मीठ बाहेर अडवायची त्यांची ताकदच जाते. नुसत्या खाऱ्या जमिनीत तगणारं गवत खाऱ्या पाणथळीत मरतं, ते यामुळे.

म्हणून आधी माती तपासा. क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. सामू 8.5 च्या वर असेल, तर ती चोपण, म्हणजे सोडियम साचलेली, होत चालली असं समजा आणि सोडियम तपासूनच जिप्सम द्या. पण निचरा नसेल तर जिप्समचे पैसे वाया जातील, कारण सुटलेलं सोडियम वाहून जायला वाटच नाही. सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी क्षारपड रानात सच्छिद्र पाइप गाडले आहेत, तसेच मैदानाखाली चार फुटांवर गाडा आणि नाल्यापर्यंत उतार द्या. पहिला पावसाळा मीठ धुण्यासाठी सोडा. पुढच्या पावसात हरळीच्या काड्या लावा. शेतकरी ती उपटून बांधावर टाकतात, मागितली तर आनंदानं देतील. आणि रोज वरवर पाणी शिंपडणं थांबवा. त्यानं मीठ वरच साचतं.

येत्या सभेत लॉनचा ठराव बाजूला ठेवून निचऱ्याचा ठराव मंजूर करावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक