चला भटकू या : चार दरवाजे, पाच खिडक्या



दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या राळेगावात मुलांच्या तोंडी एकच विषय असतो, तो म्हणजे सहल! आणि 'कुठे जायचं?' या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं : 'लांब!'

मागच्या खेपेला सातवीतल्या एकाने मामांचे फोटो दाखवायला आणले. मामा टूरबरोबर युरोपात जाऊन आले होते. एस्टोनिया नावाचा छोटासा देश आहे ना, त्याची राजधानी टॅलिन. तिथल्या जुन्या शहराचे ते फोटो. दगडी तटबंदी, गोल बुरूज, फरसबंदी गल्ल्या. पुढे झेंडी घेतलेला गाइड आणि त्याच्या मागे चाळीस माणसं. फोटो पाहून झाले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपल्याकडं असं काऊन नाही जी?"

आता याला काय म्हणावं! टॅलिनच्या तटबंदीचा आज उभा असलेला भाग आहे जेमतेम दोन किलोमीटरचा. आणि आपल्यापासून एसटीने तीनेक तासांवर अशी एक जुनी राजधानी आहे, जिचा कोट आहे सुमारे अकरा किलोमीटरचा! त्याच्या आत माणसं राहतात, दुकानं चालतात, रिक्षा फिरतात. ओळखलंत? चंद्रपूर. चंद्रपूर म्हटलं की सगळ्यांना फक्त वाघ आठवतो. वाघांशी माझं भांडण नाही. पण त्या दिवशी आम्ही ताडोब्याला जाणार नव्हतो, हे मी आधीच बजावून ठेवलं.

वडकी, करंजी, मारेगाव, वणी, घुग्घुस असं करत आमची बस चंद्रपूरला पोचली. उत्तरेकडच्या जटपुरा दरवाज्यापाशी उतरलो. शेकडो वर्षांपूर्वीचा दरवाजा आणि आजची वाहनांची कोंडी! मुलांना आधी मान वर करायला लावली. गोंड राजांचं चिन्ह या दरवाज्यांवर कोरलेलं आहे : हत्तीवर झेपावलेला सिंह. सिंह मोठा आणि हत्ती लहान का, यावर तिथेच वाद झाला. तो अजून मिटलेला नाही.

आधी थोडी गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं फिरणं सोपं जाईल. गोंड राजांची राजधानी पूर्वी बल्लारपूरला होती. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाह नावाचा राजा झाला. दंतकथा अशी, की एकदा शिकारीला गेला असताना त्याला अजब दृश्य दिसलं. ससा पुढे आणि कुत्रा मागे असं नव्हे, तर कुत्रा पुढे आणि ससा त्याच्या पाठीमागे! सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणे. राणी हुशार. ती म्हणाली, ससा ज्या वाटेने धावला त्याच वाटेवर कोट बांधा. दंतकथा ती दंतकथा. पण कोट खरा आहे. त्याचं काम एका राजाच्या हयातीत पुरं झालं नाही. पुढे धुंड्या रामशाहाच्या काळात ते पूर्ण झालं, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं लागली. ज्याने पहिला दगड बसवला त्याच्या नातवाच्या नातवाने शेवटचा बसवला असेल!

या कोटाला चार दिशांना चार दरवाजे : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. खिडकी म्हणजे घराची नव्हे हं, कोटातला लहान दरवाजा. चाळीस जणांची रांग काढली की मागच्या वीस जणांना पुढच्याच्या दप्तराखेरीज काही दिसत नाही. म्हणून आम्ही पाच गट केले. प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि एक खिडकी. रस्ता माणसांना विचारून शोधायचा आणि दुपारी एकला अंचलेश्वर दरवाज्यापाशी जमायचं.

मसण खिडकी कुणालाच नको होती. चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांना ती आली त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले! पण सगळ्यात रंगून बोलले तेच. वाटेत त्यांनी एका आजींना रस्ता विचारला, तर त्या म्हणाल्या, "तिकडं कायले जाता रे पोरांनो, इतक्या लवकर?" गावातली प्रेतयात्रा ज्या वाटेने बाहेर नेत ती ही खिडकी, हे नावावरूनच कळतं.

दक्षिणेकडे पठाणपुरा दरवाजा आहे. शहराला इरई आणि झरपट अशा दोन नद्या. पावसाळ्यात वर्धा नदी फुगली की इरईचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे दाटतं आणि या दरवाज्याबाहेरचा रस्ता बुडतो. कोट फक्त शत्रूसाठीच बांधला असेल का, याचा विचार तुम्हीच करा.

अंचलेश्वर मंदिराशेजारी राजा बीरशाहाची समाधी आहे. शहाजहानने बेगमेसाठी ताजमहाल बांधला हे तुम्ही घोकलंय. इथे मात्र राणीने राजासाठी वास्तू उभारली. राणी हिराई तिचं नाव. बीरशाहाचा खून झाल्यावर दत्तक मुलाच्या नावाने तिने राज्य सांभाळलं. महाकालीचं आजचं मंदिरही तिच्याच काळातलं.

मी हे सांगत असताना आमच्यातली एक मुलगी एकदम पुढे आली. एरवी वर्गात फारशी न बोलणारी. तिने विचारलं, "सर, हे राजे गोंड म्हणजे... आमच्यातले का जी?"

"हो," मी म्हटलं, "तुमच्यातलेच."

ती आईबरोबर चैत्रात महाकालीच्या जत्रेला दोनदा येऊन गेली होती. तिची आजी अजून या गावाला चांदाच म्हणते. देऊळ तिला पाठ होतं, पण ते कुणी बांधलं हे आजवर तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिने वही काढली आणि हिराईतला 'हि' पहिला की दुसरा, ते विचारून नाव लिहून घेतलं. मग खांडक्या बल्लाळशाह. मग बीरशाह. मग माझ्याकडे बघत थांबली. मी आठवतील तेवढे राजे सांगत गेलो. 1751 साली नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतलं, इथवर आलो तेव्हा ती म्हणाली, "मग?"

मग आम्ही तुरुंगापाशी गेलो. गोंड राजांच्या वाड्याच्या जागी आज चंद्रपूरचा तुरुंग आहे. आत जाता येत नाही, बाहेरच थांबलो. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदाराला 21 ऑक्टोबर 1858 रोजी इथे फाशी दिलं. वय 25 वर्षं. दरवर्षी त्या दिवशी लोक इथे येऊन त्यांना वंदन करतात. तिथे आम्ही किती वेळ उभे होतो, घड्याळ पाहिलं नाही. कुणी दप्तरातला चिवडा काढला नाही एवढं खरं.

कोटावर पूर्वी इतकी झुडपं माजली होती की भिंत दिसेना. 2017 साली 'इको-प्रो' संस्थेची मंडळी कुऱ्हाडी-कोयते घेऊन रोज सकाळी तिथे जायला लागली आणि बराच कोट मोकळा झाला. आम्ही वर चढून चाललो. एका बाजूला जुनी घरं, धुणी वाळत घातलेली. दुसऱ्या बाजूला नवं शहर. दगडांवर खिळ्याने कोरलेली नावंही दिसली. पालकहो, ती काही राजांची नव्हती!

शेवटी लालपेठ. कुणा रायप्पा नावाच्या धनिकाने प्रचंड देऊळ बांधायचं ठरवून दगडी मूर्ती घडवल्या. पण देऊळ झालंच नाही, आणि मूर्ती तशाच उघड्यावर राहिल्या. त्यातली दहा तोंडांची देवी पाठीवर आडवी आहे. लोक तिला 'रावण' म्हणतात. ती किती लांब, ते मोजायला टेप कुणाकडेच नव्हता. मग मुलं शेजारच्या गवतावर एकाच्या पायाला दुसऱ्याचं डोकं लावून झोपत गेली. एक, दोन, तीन... सहावा आडवा झाला तरी देवी अजून थोडी उरलीच होती, आणि तिकडून ड्रायव्हरकाका हॉर्न वाजवत होते.