उगवण टक्का आणि क्लेमचा टक्का



सोयाबीनचा पैसा खात्यात आला की विमा एजंट बांधावर येतात. पहिलं वाक्य ठरलेलं: "आपल्या कंपनीचं रेटिंग ९९ टक्के आहे, दादा." माझं मत सरळ आहे. हा आकडा बघा, पण फक्त त्याच्यावर पॉलिसी घेऊ नका.

एजंट ज्याला रेटिंग म्हणतो तो असतो क्लेम सेटलमेंट रेशो. म्हणजे वर्षभरात मृत्यूचे जेवढे दावे कंपनीपुढे होते, त्यातले शेकडा किती दिले. यात दावे मोजतात, रुपये नाही. समजा १०० दावे आले. ९९ दावे एकेक लाखाचे, ते दिले. एक १ कोटीचा, तो नाकारला. टक्का ९९ भरला, पण रकमेच्या हिशोबानं निम्मेच पैसे लोकांच्या घरी गेले. विमा नियामक आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात दोन्ही टक्के असतात. मोठ्या रकमेचा टर्म प्लॅन घेणार असाल तर रकमेचा टक्का विचारा, आणि एका वर्षाचा नको, ३-४ वर्षांचा.

दुसरा आकडा सॉल्व्हन्सी रेशोचा. कंपनीची देणी देण्याची ताकद त्यातून कळते. तो किमान १.५ हवा असा नियम आहे. पॉलिसी २५-३० वर्षं चालणार, तेवढा काळ कंपनी टिकली पाहिजे. एलआयसीच्या विमा रकमेला १९५६ च्या कायद्यानं केंद्र सरकारची हमी आहे. बाकी कंपन्यांचा हा आकडा बघाच.

आता खरा मुद्दा. सोयाबीनच्या टॅगवर ७० टक्के उगवण लिहिलेली असते, ती त्या लॉटची. तुम्ही चार बोटं खोल पेरलं तर टॅग काय करणार? क्लेमच्या टक्क्याचं तसंच आहे. तुमच्या घरचा दावा मिळणार की नाही, हे बरंचसं तुमच्या फॉर्मवर ठरतं. आपल्याकडं फॉर्म एजंट भरतो, आपण सही करतो. तंबाखू? "नाही." बीपी, शुगर? "नाही." हप्ता थोडा कमी बसतो, पण भोगावं लागतं मागं राहिलेल्या बाईमाणसाला. वर सोसायटीचं कर्ज असतंच.

विमा कायद्याचं कलम ४५ सांगतं, की पॉलिसीला ३ वर्षं झाल्यावर कंपनीला ती कुठल्याही कारणानं खोटी ठरवता येत नाही. त्याआधी येते. आणि हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, मग पुन्हा चालू केली, तर ही ३ वर्षं नव्यानं मोजतात. म्हणून हप्ता वार्षिक ठेवा आणि तारीख माल विकल्यानंतरची धरा. जून-जुलैत बी-खताला पैसे पुरत नाहीत, तिथं विम्याचा हप्ता कुठून निघणार?

आज एक काम करा. ट्रंकेतली पॉलिसी काढा. तुम्ही सही केलेल्या फॉर्मची प्रत तिच्यासोबत असते. तंबाखू आणि आजारांपुढं काय लिहिलंय ते वाचा. चुकीचं असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पॉलिसी नवी असेल तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत परतही करता येते. आणि वारसाचं नाव बघा. लग्नाआधीची पॉलिसी असेल तर तिथं अजून वडिलांचंच नाव असायचं.