टायमिंग बेल्ट बदलल्यानंतरचा बिघाड : दोष प्रथम कोठें शोधावा?

शेतकऱ्याच्या दारांतील मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांत तर मुळींच नाहीं. नागपूर-मुंबई लोहमार्ग शेगांव, नांदुरा, मलकापूर असा घाटाखालून निघून जातो. जलंबहून एक फांटा तेवढा खामगांवास येतो. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगांव राजा या तालुक्यांत आजहि आगगाडी नाहीं, आणि जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणींहि ती नाहीं. रात्रीं-अपरात्रीं बाळंतिणीस दवाखान्यांत पोंचविणें, फवारणीचें औषध आणणें, बाजार समितींत जाऊन कापसाचा किंवा सोयाबीनचा भाव पाहून येणें, हीं सर्व कामें घरच्या गाडीवर अवलंबून असतात. अशी गाडी ऐन हंगामांत अडली तर केवळ दुरुस्तीचा खर्च होतो असें नाहीं, तर शेतीचें कामहि अडतें. म्हणून एका विशिष्ट बिघाडाविषयीं आमचें मत येथें मांडीत आहों.

तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. गाडी चांगली चालत होती. ठरलेलें अंतर पुरें झालें म्हणून टायमिंग बेल्ट बदलून घेतला. गाडी घरीं आली ती मात्र पूर्वीची राहिली नाहीं. सकाळीं लवकर सुरू होत नाहीं, उभी असतां थरथरते, चढावर ओढ धरीत नाहीं, धूर टाकते आणि तेल जास्त खाते. मग सुटे भाग बदलण्याचें सत्र सुरू होतें. प्रथम प्लग, नंतर नोझल, पुढें डिझेल पंप किंवा एखादा सेन्सर. आणि इतकें करूनहि गुण न आल्यास "इंजिन थकलें, उतरवावें लागेल" असा निर्णय ऐकावयास मिळतो. कित्येकदां याच निर्णयावरून चांगली गाडी भंगाराच्या भावानें विकली जाते.

आमचें मत असें कीं, ही पद्धत सर्वस्वीं उलटी आहे. काल चांगलें चालणारें इंजिन आज एका कामानंतर बिघडलें असेल, तर पहिला संशय त्या कामावरच घेतला पाहिजे. इंजिनाचें म्हातारपण एका दुपारींत येत नाहीं. ज्या भागांस हात लागला ते आधीं तपासावे, आणि ज्यांस लागला नाहीं त्यांवर पैसा मागाहून खर्चावा. हा नियम साधा आहे. पण तो पाळला जात नाहीं, कारण या पट्ट्याचें काम काय हें मालकास ठाऊक नसतें.

तें काम थोडक्यांत असें. इंजिनांत हवा ओढणें, ती दाबणें, जळण पेटणें आणि धूर बाहेर टाकणें असे चार टप्पे क्रमानें होतात. हे चार टप्पे पुरे होईपर्यंत पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकच फेरा घेतो. पिस्टन कोठें असतां कोणता व्हॉल्व्ह उघडावा हें ठरलेलें असतें, आणि त्या दोघांचा मेळ राखणें एवढेंच या दांतेरी पट्ट्याचें काम आहे. विहिरीवर तेलाचें इंजिन ज्यांनीं वापरलें त्यांस ही गोष्ट नवी नाहीं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 सालीं पुण्याजवळ खडकी येथें निघाली आणि तिचीं इंजिनें महाराष्ट्रांतील गांवोगांव पोंचलीं. असें इंजिन खोलणारा जाणता मिस्त्री दोन्ही गिअरांवरील टिंबाशीं टिंब जुळविल्यावांचून झांकण लावीत नसे. ट्रॅक्टरांतहि बहुधा असे गिअरच असतात. मोटारींतील पट्टा तेंच काम करतो. भेद इतकाच कीं गिअर लोखंडाचे असतात आणि पट्टा रबराचा असतो, त्यामुळें तो ठराविक मुदतीनंतर बदलावा लागतो.

प्रत्येक मोटारीस असा पट्टा असतोच असें मात्र नाहीं. जर्मनींतील ग्लास कंपनीनें 1962 सालच्या आपल्या 1004 या गाडींत तो प्रथम वापरला. आपल्याकडील अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत सांखळी होती. 1983 सालीं मारुती 800 आली आणि तिच्याबरोबर रबरी पट्टा आपल्या खेड्यापाड्यांत आला. टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनांतहि तो होता. पुढें अनेक कंपन्या पुन्हां सांखळीकडे वळल्या. तेव्हां आपल्या गाडींत पट्टा आहे कीं सांखळी, आणि पट्टा असल्यास तो किती किलोमीटरांनीं किंवा किती वर्षांनीं बदलावयाचा, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत पाहून ठेवावें. घाटाखालच्या उन्हाळ्याचा रबरावर परिणाम होतो. म्हणून गाडी फारशी चालली नाहीं तरी वर्षांची मुदत विसरूं नये.

आतां चूक कशी होते तें पाहूं. समजा, क्रँकशाफ्टच्या चाकास 20 दांत आहेत. मग कॅमशाफ्टच्या चाकास 40 असतात. पट्टा बसवितांना एकच दांत चुकला, तर क्रँकशाफ्टच्या 360 अंशांच्या फेऱ्यांत 18 अंशांचा फरक पडतो. इंजिन बंद पडत नाहीं, आणि खरा धोका येथेंच आहे. तें सुरू होतें, आवाजहि बराचसा बरोबर येतो. पण व्हॉल्व्ह अवेळीं उघडल्यामुळें हवा पुरती दाबली जात नाहीं. सपाटीवर ही उणीव झांकली जाते. मलकापूरहून बुलढाण्यास येतांना राजूरच्या घाटांत, किंवा खामगांवहून येतांना बोथ्याच्या घाटांत, ती तात्काळ उघडी पडते. दोन-तीन दांत चुकले तर कांहीं इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वांकतात आणि लहान चुकीचें मोठें नुकसान होतें. म्हणून "चालते आहे ना, मग चालूं द्या" हा सल्ला कोणीहि मानूं नये.

ही चूक होण्याचें नेहमींचें कारण निष्काळजीपणा नसून पट्ट्याची ढिलाई हें असतें. टेन्शनर ज्या बाजूस असतो तिच्या विरुद्ध बाजूस पट्टा ताठ असावा लागतो. तेथें थोडी ढिलाई राहिली, तर खुणा जुळलेल्या दिसतात; परंतु टेन्शनर कसतांच चाक किंचित् फिरतें आणि जुळलेली खूण हुकते. मिस्त्रीनें कसण्यापूर्वीं पाहिलें आणि नंतर पाहिलें नाहीं, एवढाच काय तो दोष.

तपासणीचा क्रम आमच्या मतें असा असावा. प्रथम बाहेरच्या गोष्टी पाहाव्या. पट्ट्यापर्यंत पोंचण्यासाठीं मिस्त्रीस हवेच्या नळ्या, तारांचे जोड, पंख्याचा पट्टा, कधीं इंजिनाचा एखादा आधारहि सोडावा लागतो. एखादी नळी लावावयाची राहिली किंवा एखादा जोड सैल राहिला, तरी इंजिन थरथरतें. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपहि याच पट्ट्यावर फिरतो. तो बदलला असल्यास पाणी भरतांना हवा अडकून इंजिन तापूं शकतें. या तपासणीस पैसा लागत नाहीं.

दुसरी पायरी खुणांची. बॅटरीची तार सोडावी, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवावी आणि क्रँकशाफ्टच्या बोल्टास पाना लावून इंजिन त्याच्या नेहमींच्या दिशेनें हातानें पुरे दोन फेरे फिरवावें. मध्येंच तें घट्ट अडलें तर जोर करूं नये; व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असण्याचा संभव असतो. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही चाकांवरील खुणा आपापल्या जागीं आल्या पाहिजेत. येथें दोन फसगती संभवतात. नव्या पट्ट्यावर रंगाच्या रेघा असतात. त्या केवळ बसवितांना उपयोगी असून फेरे घेतल्यावर त्या जुळत नाहींत, म्हणून चाकांवरच्या खुणाच प्रमाण मानाव्या. तसेंच क्रँकशाफ्टच्या चाकाची चावी झिजली किंवा तुटली असेल, तर खुणा जुळूनहि मेळ चुकलेला असतो. म्हणून चाक आपल्या जागीं हलत नाहीं ना, तेंहि पाहावें.

तिसरी पायरी दाब मोजण्याची. प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें घ्यावा. चांगल्या पेट्रोल इंजिनांत तो दर चौरस इंचास साधारण 150 ते 180 पौंड असतो. डिझेल इंजिनांत तो दुपटीहून अधिक असल्यानें त्याचा मापक निराळा लागतो. सर्व सिलिंडरांचा दाब सारखाच कमी आला तर पट्ट्याच्या मेळाकडे बोट दाखवावें. एकाच सिलिंडरचा कमी आला तर तेथील व्हॉल्व्ह वांकला असेल किंवा रिंगा झिजल्या असतील. पेट्रोल गाडींत हवेची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेजहि मोठा उपयोगी आहे. समुद्रसपाटीस चांगलें इंजिन उभें चालत असतां त्याचा कांटा 17 ते 21 इंचांवर स्थिर असतो. पण दर हजार फूट उंचीमागें तो सुमारें एक इंच उतरतो. बुलढाणा समुद्रसपाटीपासून 2,000 फुटांहून थोडें अधिक उंच असल्यामुळें येथें दोन इंच कमी दिसले म्हणून इंजिनास दोष देऊं नये. त्याहूनहि पुष्कळ खालीं कांटा स्थिर राहिला, तर व्हॉल्व्ह उशिरां उघडत असल्याचा संशय बळावतो.

चौथी पायरी जळणाच्या वेळेची. कित्येक जुन्या डिझेल इंजिनांत डिझेल पंपहि याच पट्ट्यावर फिरतो. त्याचीहि खूण असते आणि ती चुकल्यास धूर व ठोका येतो. जुन्या पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरून फिरतो. पट्टा एक दांत चुकला तर ठिणगीचीहि वेळ चुकते. तेव्हां डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून ठिणगी पुन्हां वेळेवर आणतां येते आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. पण व्हॉल्व्हची चूक तशीच राहते. अशा उपायानें केवळ रोगाचें लक्षण झांकतें. नव्या गाड्यांत यंत्र लावून दोष वाचतां येतो. तेथें पी-0016 असा अंक आला, तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ बसत नाहीं असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळीं तडकाफडकी सेन्सर बदलूं नये. सेन्सर बहुधा खरेंच सांगत असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, पट्टा बदलण्याच्या सुमारास दुसराच एखादा भाग योगायोगानें बिघडणें शक्य नाहीं काय? शक्य आहे, आणि आम्ही तें नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें क्रमापुरतें आहे. खुणा पाहण्यास कांहीं तासांची मजुरी पडते. नोझल, पंप व इंजिन उतरविणें यांस एखाद्या एकराच्या उत्पन्नाएवढाहि खर्च येऊं शकतो. ज्याची शक्यता अधिक आणि खर्च कमी तें आधीं पाहावें, हा व्यवहार आपण पेरणीस पाळतों, मग मोटारीस कां पाळूं नये? उगवण विरळ झाली तर आपण आधीं बियाणें आणि पेरणीची खोली पाहतों. एकदम जमीन विकावयास काढीत नाहीं.

मिस्त्रीसहि न्याय दिला पाहिजे. तो ठकच आहे असें धरून चालणें अन्यायाचें व अहिताचें आहे. त्याच्यापाशीं पुष्कळदां त्या गाडीचें दुरुस्तीचें पुस्तक नसतें, दाबमापक नसतो, आणि मालक मात्र "संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे" म्हणून उभा असतो. पट्टा बदलावयाचा आणि टेन्शनर, बेअरिंग व गळकें ऑइल सील जुनेंच ठेवावयाचें, हा आग्रहहि बहुधा मालकाचाच असतो. मग तेल झिरपून नवा पट्टा अकालीं खराब होतो. म्हणून हे भाग एकाच वेळीं बदलावे. झांकण लावण्यापूर्वीं दोन फेरे फिरवून खुणा आपणांस दाखवाव्या असें आधींच ठरवावें. पट्ट्याचें नांव, तारीख आणि किलोमीटर पावतीवर लिहून घ्यावे. खुणा चुकलेल्या निघाल्यास तेंच काम पुन्हां विनामूल्य करून देणें हें मिस्त्रीचें कर्तव्य आहे, आणि खुणा बरोबर निघाल्यास तपासणीची मजुरी आनंदानें देणें हें मालकाचें.

शेवटीं एक सूचना. आपल्या संघाच्या सभासदांनीं तालुक्यास निदान एक पेट्रोलचा व एक डिझेलचा दाबमापक, एक व्हॅक्यूम गेज आणि आपल्या भागांत चालणाऱ्या गाड्यांचीं दुरुस्तीचीं पुस्तकें वर्गणीनें घेऊन ठेवावीं, व तीं स्थानिक मिस्त्र्यांस उसनीं द्यावीं. फवारणीचे पंप आणि पेरणीयंत्रें आपण सामाईक वापरतोंच. एका गाडीचा डिझेल पंप विनाकारण बदलण्याचें टळलें तरी या साधनांचा खर्च भरून निघेल, आणि गांवच्या मिस्त्रीस अंदाजाऐवजीं मापानें काम करण्याची संवय लागेल.